उतारवयातलं भाड्याचं घर

सत्तरी ओलांडलेल्या माणसानं "आम्ही भाड्याच्या घरात राहायला जाणार आहोत" असं सांगितलं, की आपल्याकडे समोरचा माणूस आधी गप्प होतो आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "का हो, मुलगा बघत नाही का?" गेल्या सहा महिन्यांत हा प्रश्न मला गुलमंडीवर विचारला गेला, बँकेत हयातीचा दाखला देताना विचारला गेला आणि एका लग्नात तर ऐन पंगतीत, हातात जिलबी असताना विचारला गेला. तेव्हा श्रोतेहो, आधी तेच सांगून टाकतो. मुलगा बघतो. रोज रात्री नऊ वाजता पुण्याहून फोन करतो, औषधं घेतली का ते विचारतो, आणि त्याच्याकडे कायमचं राहायला चला म्हणून दर दिवाळीत हट्ट धरतो. सूनही धरते. तरीसुद्धा आम्ही दोघं ज्येष्ठांसाठीच बांधलेल्या एका वसाहतीत घर भाड्यानं घ्यावं की नाही, याचा विचार करत होतो. तो कसकसा केला, ते आज सांगणार आहे. अनेक घरांत आज हाच विषय निघतो आहे आणि बहुतेक ठिकाणी तो पहिल्या पाच मिनिटांत रागावून बंद केला जातो.

रागाचं एक कारण शब्दात आहे. आपल्याला एकच शब्द ठाऊक आहे, वृद्धाश्रम. तो शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर येते ती लोखंडी खाटांची रांग आणि सणावारी फळं वाटायला येणारी मंडळी. वृद्धाश्रमांची गरज खरी आहे. १९९५ साली राज्य सरकारनं जिल्ह्याजिल्ह्यांत मातोश्री वृद्धाश्रम काढायची योजना आणली, आपल्या पैठण रस्त्यावरचा आश्रम त्यातलाच, आणि ज्यांना दुसरं छप्पर नाही त्यांना तिथं छप्पर मिळालं. पण मी बोलतोय ती गोष्ट वेगळी. पुण्यात 'अथश्री' नावाची संकुलं नव्या शतकाच्या सुरुवातीपासून उभी राहिली, नेरळला डिग्निटी फाउंडेशनची वसाहत झाली, लवासात एक झाली. इथं तुमचा स्वतंत्र फ्लॅट असतो, तुमची कडी, तुमचं कुलूप. फक्त इमारत म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यांचा विचार करून बांधलेली असते, खाली भोजनगृह असतं आणि रात्री घंटा वाजवली तर कुणीतरी येतं, निदान यावं अशी अपेक्षा असते. फ्लॅट बहुतेक विकतचे. पण पुष्कळ लोक पन्नाशीतच 'पुढं लागेल' म्हणून घेऊन ठेवतात आणि तोवर भाड्यानं देतात. आमचा प्रश्न या भाड्याच्या घरांचा होता.

२०११च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं दहा कोटींवर होती आणि महाराष्ट्रात दर शंभरात जवळपास दहा. तेव्हापासून ती वाढलीच आहेत. मी स्वतः त्यानंतरच भरती झालो!

मी स्टेट बँक ऑफ हैदराबादचा माणूस. मराठवाड्यात या बँकेला लोक नुसतं 'हैदराबाद बँक' म्हणायचे. २०१७ साली ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली, त्याच्या आधीच मी सेवानिवृत्त झालो होतो. हे अशासाठी सांगतो, की माझी सवय आकडे मांडून बघायची. घर सिडकोत, एन-सातमध्ये. खाली बैठक आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, मधे सतरा पायऱ्यांचा जिना. बायकोचे गुडघे गेल्यावर आम्ही पलंग खाली बैठकीत आणला. म्हणजे जिन्याचा प्रश्न तसा सुटला होता. सुटला नव्हता तो रात्रीचा. मागच्या पावसाळ्यात पहाटे तीनला ती मोरीत पाय घसरून पडली. मी एकटा तिला उचलू शकलो नाही. शेजारचे तरुण जोडपं हैदराबादला गेलेलं, समोरचं घर भाडेकरूंचं. शेवटी कोपऱ्यावरचा दूधवाला आला तेव्हा पावणेपाच झाले होते. हाड मोडलं नाही, पण ते पावणेदोन तास आम्ही दोघं फरशीवर बसून होतो, आणि त्या वेळात बोललो ते मी इथं सांगणार नाही.

शिवाय पाणी. बाहेरगावच्या श्रोत्यांना सांगितलं तर खरं वाटत नाही, जायकवाडीचा एवढा मोठा नाथसागर पन्नासेक किलोमीटरवर, आणि आपल्या शहरानं वर्षानुवर्षे नळाच्या पाण्यासाठी दिवस मोजले. 'पाण्याचा दिवस' हा शब्द आपल्याकडे सणासारखा वापरला जातो. पाणी अपरात्री आलं की उठायचं, मोटार लावायची, हौद भरला की बंद करायची. पन्नाशीत हे चालतं. त्र्याहत्तराव्या वर्षी अंधारात हौदाचं झाकण उचलताना मला माझीच भीती वाटते.

मग आम्ही घर सोडून जावं का? इथं दुसरी बाजू जड होती. या घराच्या चार गल्ल्यांत मला माझ्या नावानं ओळखणारी साठ माणसं असतील. डॉक्टर असे, की दारात पाऊल टाकलं की आधी "बीपी राहू द्या, जेवलात काय ते सांगा" म्हणतात. हे डॉक्टर कुठल्याही वसाहतीच्या माहितीपत्रकात मिळत नाहीत.

एक मधला मार्ग आम्ही नीट तपासला. याच शहरात, रुग्णालयाजवळ, लिफ्ट असलेला फ्लॅट भाड्यानं घ्यायचा, डबा लावायचा, दिवसा एक बाई ठेवायची. माझ्या ओळखीच्या एका जोडप्यानं हे केलं आहे आणि त्यांचं बरं चाललं आहे. खर्चही कमी. ज्यांचा जीव गावात अडकला आहे त्यांनी आधी हाच हिशेब करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आम्ही तो सोडला, कारण तिथंही रात्र आमची आम्हालाच काढायची होती, आणि नव्या इमारतीत तर दूधवालाही ओळखीचा नसता.

मुलानं पुण्याजवळची एक वसाहत शोधली, त्याच्या घरापासून पाऊण तासावर. त्याची पहिली सूचना होती, विकतच घ्या, इथलं घर विका. ती मी ऐकली नाही. कारण साधं आहे. घर विकून घर घेतलं आणि तिथं मन रमलं नाही, तर परत यायला जागा उरत नाही. शिवाय अशा वसाहतीतला फ्लॅट विकायला काढला तर घेणाराही वयाच्या अटीत बसणारा शोधावा लागतो, म्हणजे गिऱ्हाईक कमी. भाड्याचं घर ही परतीच्या तिकिटासकट केलेली यात्रा. काही जण सुचवतात, राहतं घर रिव्हर्स मॉर्गेजला द्या, बँक दरमहा पैसे देईल, त्यातून भाडं भरा. ही योजना आपल्याकडे २००७मध्ये आली. पण तिची मुख्य अट अशी की त्या घरात कर्जदारानं स्वतः राहिलं पाहिजे. सलग वर्षभर घर सोडून राहिलात तर कर्ज वसुलीला येऊ शकतं. तेव्हा ते गणित आमच्या कामाचं नव्हतं.

आता भाड्याच्या कराराकडे येतो, कारण इथं लोक फार गाफील असतात. आपल्याकडे 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणजे परवान्यानं राहायचा करार होतो. अकरा महिन्यांचा असेल तर नोंदणी लागत नाही, अशी एक समजूत घट्ट बसली आहे. महाराष्ट्रात ती चूक आहे. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार कितीही महिन्यांचा असला तरी लेखी हवा आणि नोंदलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का. उदाहरण देतो. दरमहा वीस हजार भाडं, दोन वर्षांचा करार, तर भाड्याचे चार लाख ऐंशी हजार. अनामत एक लाख असेल तर तिच्यावर वर्षाला दहा टक्के धरतात, म्हणजे दोन वर्षांचे वीस हजार. झाले पाच लाख. त्यावर शुल्क फक्त साडेबाराशे रुपये, आणि शहरी भागात नोंदणी फी हजार. एवढ्यासाठी कुणी 'साध्या स्टँपवर करून टाकू' म्हणालं, तर त्या घरमालकाला लांबूनच नमस्कार करावा.

पण नोंदला तरी करार मुदतीचाच असतो. फार तर साठ महिन्यांचा. मुदत संपली की जागा सोडायची. नाही सोडली तर दुप्पट दरानं नुकसानभरपाई भरावी लागते. तरुणपणी हे वाचलं असतं तर खांदे उडवले असते. आता मी बेरीज केली, माझे त्र्याहत्तर अधिक पाच. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मालक म्हणाले, "काका, आता आम्हीच राहायला येतोय," तर ते बरोबरच म्हणतील, घर त्यांनी त्यासाठीच घेतलं आहे. आणि आम्ही खोकी बांधायला बसायचं. भाड्याच्या घराचा सगळ्यात मोठा दोष मला हा वाटतो. पैशांचा भाग त्याच्या नंतर येतो. यावर पूर्ण उपाय नाही. थोडा आहे: त्याच वसाहतीत आणखी किती घरं भाड्यानं जातात ते बघायचं. दहा-बारा जात असतील तर निदान इमारत बदलावी लागली तरी माणसं तीच राहतात.

दुसरी गोष्ट, घरमालक एक आणि सेवा देणारे दुसरे. भाडं मालकाला, आणि जेवण, साफसफाई, नर्स, रुग्णवाहिका यांचे पैसे व्यवस्थापनाला. दोन्ही कागद वेगळे, आणि एकाकडे तक्रार केली तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. महिन्याचा देखभाल खर्च मालकानं भरायचा की आपण, तो दरवर्षी किती वाढतो, हे करारातच लिहून घ्यावं. आम्हाला सांगितलेल्या भाड्यात तो धरलेलाच नव्हता. धरल्यावर आकडा जवळजवळ दीडपट झाला. करारात दोघांचीही नावं घालावीत. बहुतेक करार नवऱ्याच्या एकट्याच्या नावानं होतात, आणि तो आधी गेला तर पंधराव्या दिवशी त्या बाईला घरमालकाशी नव्यानं बोलणी करावी लागतात. आमच्या बाजूनं महिनाभराच्या नोटिशीत बाहेर पडता यावं, आणि आजारपण किंवा मृत्यू असेल तर तीही अट नसावी, एवढं मी मागितलं. मालक सज्जन निघाले, हो म्हणाले.

आणि सगळ्यांत अवघड प्रश्न, जो विचारताना जीभ अडखळते: अंथरुणाला खिळलो तर? पुष्कळ वसाहती ज्यांची कामं ज्यांना स्वतः करता येतात त्यांच्यासाठी असतात, आणि ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तेव्हा विचारावं, की चोवीस तासांची बाई ठेवायची झाली तर परवानगी आहे का, ती झोपेल कुठे, तिच्या जेवणाचे किती? एका ठिकाणी मी हे विचारलं तर तिथला हसतमुख तरुण म्हणाला, "अंकल, बी पॉझिटिव्ह." ती वसाहत मी यादीतून काढली.

जागा बघायला जाताना मी मोजपट्टी घेऊन गेलो. बायकोला लाज वाटली, पण मी मोजलं. महारेरानं २०२४मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम ठरवून दिले आहेत. चाकाची खुर्ची जाईल असे उतार, किमान नऊशे मिलिमीटर रुंदीची दारं, बोटांनी पिळावी लागणार नाही अशी दांड्याची कडी आणि तसेच नळ, न घसरणारी फरशी, न्हाणीघरात धरायला दांडे, वीज गेली तरी चालणारी लिफ्ट, जिन्याला दोन्हीकडे कठडा आणि एका टप्प्यात बारापेक्षा जास्त पायऱ्या नकोत. हे नियम नव्यानं विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांसाठी आहेत, जुन्या इमारतीला ते दाखवून भांडता येत नाही. पण भाडेकरूला तपासणीची यादी म्हणून फुकट मिळालेली चांगली गोष्ट आहे. आम्ही पाहिलेल्या घराचं मुख्य दार ऐसपैस होतं आणि न्हाणीघराचं सातशे. पडतो तर माणूस न्हाणीघरात! तिसऱ्या फ्लॅटचं न्हाणीघर पट्टीत बसलं, म्हणून तो निवडला.

निवडला, पण घेतला नाही. आधी पंधरा दिवस त्यांच्या पाहुण्यांच्या खोलीत राहिलो, पैसे देऊन. माझा सगळ्यांना हाच सल्ला आहे. दुपारी अकराला, चहा-बिस्किटं पुढे असताना कुठलीही वसाहत छान दिसते. आम्ही दुसऱ्याच रात्री अडीच वाजता घंटेचं बटण दाबलं. मुलगी चार मिनिटांत वर आली, डोळे चोळत. मी म्हणालो, तपासून बघितलं. ती चिडली नाही. "सगळेच एकदा दाबतात, आजोबा," म्हणाली आणि पाणी हवंय का विचारून गेली. त्या रात्री बायको सकाळी सातपर्यंत झोपली.

जेवणाचं सांगायलाच हवं. वरणात गूळ, उसळीत गूळ, एके दिवशी भरल्या वांग्यातही गूळ. मराठवाड्याच्या जिभेला हा अत्याचार आहे. आठव्या दिवशी मी व्यवस्थापकाला भेटून येसरच्या आमटीवर पाच मिनिटं बोललो. त्यांनी लिहून घेतलं. लातूरचे एक निवृत्त अभियंते आमच्या टेबलावर बसायचे, ते खिशात काळ्या तिखटाची डबी ठेवतात. पहिल्या दिवशी त्यांनी ती माझ्याकडे सरकवली, तिथून आमची ओळख.

बाराव्या दिवशी सकाळी फलकावर एका बाईंच्या निधनाची सूचना होती. आदल्या संध्याकाळी त्या भजनाला होत्या. जेवणाच्या वेळी त्यांची खुर्ची तशीच होती, कुणी बसलं नाही. तिसऱ्या दिवशी एक नवे गृहस्थ येऊन बसले, त्यांना माहीत नव्हतं, आणि कुणी सांगितलंही नाही. मी खोलीवर येऊन म्हणालो, इथं हे दर महिन्याला बघावं लागेल. इथं पोरांचा आरडाओरडा नाही, परीक्षा नाहीत, कुणाचं लग्न ठरत नाही. सिडकोतल्या आमच्या गल्लीत निदान क्रिकेटचा चेंडू तरी खिडकीवर येतो. माझा कौल जवळजवळ 'नको'कडे झुकला होता.

बायको गादीवर पाय पसरून बसली होती. ती म्हणाली, "अहो, तुम्ही रिटायर झालात त्याला किती वर्षं झाली?" मी आकडा सांगितला. "मला कोण रिटायर करणार?" मी गप्प. "बारा दिवस झाले, सकाळी उठल्यावर काय करायचं म्हणून विचार केला नाही मी. भाजीत गूळ असू दे नाहीतर आणि काही."

मी वह्यांमध्ये दोन्ही गावांचा खर्च शेजारी शेजारी मांडला होता. आमच्या घरच्या स्वयंपाकाच्या रकान्यात किराणा, भाजी, गॅस, दूध होतं. तिच्या श्रमाची रक्कम कुठंच नव्हती, आणि तिथं काय लिहावं हे मला अजूनही सुचलेलं नाही. पण त्यानंतर दोन रकान्यांतला फरक मला पूर्वीइतका मोठा दिसेना. माझ्या साठ ओळखीच्या माणसांसाठी तिनं रोज दोनदा ओट्यापाशी उभं राहायचं, असा तो हिशेब होता.

तेव्हा ठरलं ते असं. अकरा महिन्यांचा करार, दोघांच्या नावानं, नोंदणीसह. सिडकोतलं घर विकायचं नाही. पूर्ण भाड्यानंही द्यायचं नाही, कारण मग मधेच परत यावंसं वाटलं तर भाडेकरूला उठवता येत नाही. वरचा मजला विद्यापीठात शिकणाऱ्या दोन मुलांना द्यायचा, रीतसर करारानं. भाडं फार नाही. करासाठी त्यातून तीस टक्के ठोक वजावट मिळते, पण मला त्याहून जास्त मोल याचं, की पाण्याच्या दिवशी मोटार लावायला घरात कुणीतरी असेल. खालचा मजला कुलूप लावून आमचा.

मुलांच्या नावानं घर आत्ताच करून टाका, असं एका नातेवाइकांनी सुचवलं. मी नाही म्हणालो, मुलानंही नाही म्हटलं. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात तेविसावं कलम आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर परत मिळवता येते. पण त्यासाठी न्यायाधिकरणापुढे उभं राहावं लागतं, ज्यांच्यासाठी आयुष्य काढलं त्यांच्या विरुद्ध. मृत्युपत्र केलं आहे, तेवढं पुरे.

नोंदणी आता संगणकावर, अंगठ्याच्या ठशानं होते. एजंट यंत्र घेऊन घरी आला. माझा अंगठा दुसऱ्या वेळी जुळला. हिचा चार वेळा ठेवला, तेल लावून, पुसून, तरी यंत्र घेईना. रेषा झिजल्या आहेत म्हणाला, या वयात बायकांचं फार होतं असं. शेवटी दुसरं बोट चाललं.

ताबा पुढच्या महिन्याच्या एक तारखेला आहे. पलंग, देव, दोन कपाटं आणि पुस्तकांची तीन खोकी एवढं जायचं आहे. काळं तिखट दोन किलो कुटून आणलं आहे. पाटा-वरवंटा न्यायचा की नाही, यावर अजून आमचं एकमत झालेलं नाही. ती नको म्हणते.